"वयात आलं म्हणून बिघडलं" असं म्हणणं थांबवा

शाळेतली बाई, दारव्हा तालुका
पालकसभेत दरवर्षी हेच ऐकते: "चौथीपर्यंत चांगला होता, आता वयात येऊन राहिला म्हणून बिघडला." मला हे पटत नाही. सहावीत मारामारी करणारी, वर्गातून उठून जाणारी बरीचशी मुलं पहिलीतही तशीच होती. तेव्हा हात धरून बसवता येत होतं, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही.

ऑस्ट्रेलियात हजारो मुलांचा लहानपणापासून पाठपुरावा झाला. 2013 साली त्यातून दिसलं की 8-9 वर्षांतच वयात येऊ लागलेल्या मुलांच्या अडचणी 4-5 वर्षांच्या असतानाच इतरांपेक्षा जास्त होत्या. अडचण आधीची, मिसरूड नंतरचं. आपण मात्र मिसरूड फुटेपर्यंत थांबतो आणि मग पोराला मामाच्या गावी धाडतो.

तूर-सोयाबीन
बाई, मान ठेवून सांगतो, माहं पोट्टं पहिलीत असं नव्हतं. आवाज फुटला अन् तेव्हापासून उलटून बोलून राहिलं. वावरात चाल म्हटलं तर गोटा फेकते. शाळेले पहिलीपासून दिसत होतं तर तेव्हाच काहून नाही सांगितलं? अन् ऑस्ट्रेलियातल्या पोट्ट्याची माय सोंगणीले जाते का? तिकडचं इकडं लावू नका.

अंगणवाडी सेविका
आम्ही सांगतो हो दादा. चार वर्षांचं मूल रोज दुसऱ्याला चावते, बोलावलं तर ऐकत नाही, हे घरी सांगितलं की उत्तर ठरलेलं: "मोठं झालं की सुधरते." मुलांची आरोग्य तपासणी करणारं सरकारच्या बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येते, शाळेत एकदा. त्यांच्या यादीत अतिचंचलपणाही आहे. पण त्या दिवशी माय निंदणाला गेलेली असते. घरी मूल कसं वागते, हे डॉक्टर कोणाला विचारणार?

नर्स, वर्धा
बाईंचं अर्धंच पटलं. शरीराचा काहीच वाटा नाही असं म्हणू नका. न्यूझीलंडच्या ड्युनेडिन शहरात 1972-73 साली जन्मलेल्या मुलींमध्ये दिसलं की लवकर पाळी आल्याचा सगळ्यात जास्त त्रास ज्यांचं वागणं आधीपासून अवघड होतं त्यांनाच झाला. म्हणजे पाळीनं आधीचंच वाढवलं.

आणि आपल्याकडे त्यात माणसं भर घालतात. चौथीतली मुलगी अंगानं भरली की खेळणं बंद, चुलीजवळ बसवा, धाकट्याला सांभाळायला लावा. रस्त्यावरची नजर वेगळीच. मन नऊ वर्षांचं आणि वागणूक पंधराच्या मुलीसारखी मिळते. ती चिडणार नाही तर काय करेल? मुलीला 8 वर्षांआधी आणि मुलाला 9 वर्षांआधी लक्षणं दिसली तर आधी डॉक्टरला दाखवा. वागण्याचं बोलणं त्यानंतर.

गडचिरोलीचा मास्तर
उलट बाजूही पाहा. आमच्याकडे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची मुलं आहेत. या आजारात वयात येणं लांबतं. नववीत गेला तरी आवाज फुटलेला नाही, वाढ खुंटलेली, पोरं चिडवतात आणि तो अंगावर धावून जातो. त्याच्याबद्दल काय म्हणणार? तिथं तर वयात येणं सुरूच झालेलं नाही. मी बाईंच्या बाजूनं आहे.

तूर-सोयाबीन
सर, तुमच्या त्या पोट्ट्याचं वाईट वाटते. पण मी माह्या घरचं सांगून राहिलो. डॉक्टरकडे नेलं की गावात त्याले पागल म्हणतीन. उद्या सोयरीक जुळवाची वेळ आली तर हेच निघते. हे तुम्ही कोणी धरतच नाही.

शाळेतली बाई
दादा, ती भीती खरी आहे. म्हणून आधी घरातल्याच गोष्टीपासून सुरू करू. तो पाच-सहा वर्षांचा असताना कशानं चिडायचा, झोपायचा कसा, एका जागी किती टिकायचा, हे त्याच्या आईला विचारा. तुम्ही वावरात असता, तिला जास्त ठाऊक असेल. दोघं मिळून शाळेत या.

नर्स, वर्धा
सरकारी दवाखान्यातल्या मैत्री क्लिनिकमध्ये किशोरवयीन मुलांशी एकट्यानं बोलतात. पागल म्हणण्याचा तिथं प्रश्नच नाही. पाळीची, शरीराची चौकशी करायला तिथं मुलं येतातच.

तूर-सोयाबीन
वेचणी आटोपली की पोट्ट्याच्या मायले घेऊन येतो शाळेत. पण पहिलीपासूनच होतं, हे मले अजूनही मान्य नाही.