हातात फोन आला की बाई सक्षम झाली?

माणदेशी_माणूस: परवा इथेच एकाने लिहिलं, ‘लाडकी बहीण आणि स्मार्टफोनमुळे खेड्यातली बाई डिजिटल झाली, आता रडगाणं पुरे.’ डोकंच फिरलं. लाडकी बहीणची 2025 ची ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ऑनलाइन ओळख पडताळणी, आठवते का? बाईचा ओटीपी, वर नवऱ्याचा नाहीतर वडिलांचा ओटीपी. माझ्या मावशीच्या आधारला नंबर मुलाचा. तो चाकणला, शिफ्टमध्ये फोन लॉकरात. मावशी सेंटरच्या पायरीवर, ओटीपीची मुदत दहा मिनिटं. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकासाच्या पाचव्या, म्हणजे स्त्री-पुरुष समानतेच्या, उद्दिष्टात बाईकडे स्वतःचा मोबाइल आहे का, हे मोजतात. 2019-21 च्या कुटुंब आरोग्य पाहणीत देशात जेमतेम 54 टक्के बायकांकडे स्वतः वापरायचा फोन होता. त्यातली सिमं कुणाच्या नावावर?

चटणीवाला: नंबर बदलून घ्यायचा की राव! माझी आई शेंगदाणा चटणी विकते, क्यूआर लावलाय. आधी गल्ल्यातली नोट बाबा बिनदिक्कत उचलायचे. आता विचारावं लागतं. हे दिसत नाही का?

माणदेशी_माणूस: कुठला नंबर? घरात फोन एक.

सेविकेची_लेक: तुमचं पंधराशेचं चालू द्या. आईला अंगणवाडीत फोन मिळाला तो दोन जीबी रॅमचा, ॲप इंग्रजीत. 2021 मध्ये राज्यभर सेविकांनी फोन परत केले ते हौस म्हणून नव्हे. आता आहारासाठी लाभार्थीचा चेहरा स्कॅन. रेंज नाही म्हणून गरोदर बाईला उन्हात अंगणात उभं करायचं आणि शिव्या खायच्या आईने.

हिशेबी: स्कॅन नसेल तर धान्य कुठे जातं तेही सांगा. आमच्याकडे कागदावर पोरं पटावर होती, गावात नव्हती.

सेविकेची_लेक: म्हणजे आई चोर?

हिशेबी: तुमच्या आईचं नाव कुणी घेतलं?

सेविकेची_लेक: मानधनावर राबणारी बाई चोर आणि धान्याचे ठेकेदार संत! त्यांचा चेहरा कोण स्कॅन करतं?

हिशेबी: बरं बाई, ठेकेदारांचाही करा. खूश?

चटणीवाला: मूळ मुद्दा राहिला. खात्यात थेट पैसे येणं चांगलं की वाईट?

माणदेशी_माणूस: चांगलंच. नवऱ्याचा ओटीपी मागणं वाईट. विधवांनी कुठून आणायचा? तारीख वाढवावी लागली ती उगाच नाही.

चटणीवाला: ओटीपीचं मान्य. पण आईचा क्यूआर काढणार नाही.

माणदेशी_माणूस: काढा म्हटलंय कुणी? खातं कुणाच्या नावावर आहे?

चटणीवाला: …बाबांच्या. पुढच्या आठवड्यात बदलतोय, लगेच नाचू नका.