थाई माणसाचं औदार्य: खरं, की पाहुण्यापुरतं?

रायोंगकर (धागाकर्ता)

थायलंडमध्ये नोकरीनिमित्त राहणाऱ्या परदेशी लोकांत या विषयावर दोन तट आहेत. एक म्हणतो, इतकी मायाळू माणसं कुठेच पाहिली नाहीत. दुसरा म्हणतो, हे सगळं वरवरचं आहे, पर्यटनावर पोट असलेला देश हसणारच. बँकॉकच्या आग्नेयेला असलेल्या रायोंग प्रांताच्या कारखानदारी पट्ट्यात पुण्या-चाकणकडून आलेली बरीच मराठी कुटुंबं आहेत आणि आमच्या प्रत्येक जेवणावळीत हा वाद निघतो. माझं मत आधीच सांगतो: औदार्य खरं आहे, आणि पर्यटनातून ते आलेलं नाही.

आमच्या गल्लीत पर्यटक फिरकत नाहीत. तिथे कोपऱ्यावर भाताची गाडी लावणाऱ्या एक पा आहेत. वयाने मोठ्या बाईला इथे पा म्हणतात, आपण मावशी म्हणतो तसं. शाकाहारी माणसाची इथली खरी अडचण मांसाची नसते, ते दिसतं आणि टाळता येतं. अडचण असते नाम प्लाची. माशाचं हे खारट पाणी जवळजवळ प्रत्येक भाजीत पडतं. माझी बायको रोज नुसता भात आणि काकडी घेऊन जाते हे पांच्या लक्षात आलं. एके दिवशी त्यांनी सोया सॉसची बाटली आणि एक नवी कढई दाखवली: ही फक्त तुझी. आम्ही मागितली नव्हती. जादा पैसेही घेत नाहीत. रस्त्यावर शंभर गिऱ्हाइकं उभी असताना एका बाईसाठी वेगळी कढई तापवायची म्हणजे गॅसही जातो आणि वेळही, हे स्वयंपाक करणाऱ्याला सांगायला नको.

आता माझ्या गल्लीपलीकडचं. २०१८ मध्ये चियांग राय प्रांतातल्या थाम लुआंग गुहेत फुटबॉल संघातली १२ मुलं आणि त्यांचा प्रशिक्षक अडकले, ते सगळ्या जगाने पाहिलं. आपल्याकडच्या अनेकांना ठाऊक आहे की पाणी उपसण्याच्या कामात मदतीला किर्लोस्कर ब्रदर्सचे अभियंतेही गेले होते. पण ते उपसलेलं पाणी गेलं कुठे? गुहेजवळच्या माय साय भागातल्या भातशेतांत. नुकती लावणी झालेली शेतं बुडाली. सरकारने भरपाई देऊ केली तेव्हा कित्येक शेतकऱ्यांनी ती नाकारली. भात पुन्हा लावता येईल, मुलं आधी बाहेर येऊ देत, असं त्यांचं म्हणणं. गावातल्या लोकांनी बचावपथकांचे चिखलाने माखलेले कपडे रात्री नेऊन सकाळी धुऊन-वाळवून दिले, हजारोंचा स्वयंपाक केला, मोटरसायकलवाल्यांनी डोंगरापर्यंत फुकट ने-आण केली. यात कोणता धंदा होता?

वेगळा अनुभव असलेल्यांनी जरूर लिहावं. मात्र पट्टायाच्या चार दिवसांवरून नको.

सोयकाठ

बँकॉकमध्ये संसार थाटून बरीच वर्षं झाली, तेव्हा पट्टायाचा मुद्दा मला लागू नाही.

राजवाडा बघायला थाई माणसाला पैसे पडत नाहीत, आपल्याला ५०० बाट. खाओ याईच्या जंगलात थाई प्रौढाला ४०, परदेशी माणसाला ४००. दर ९० दिवसांनी आपला पत्ता सरकारला कळवायचा. जमीन नावावर होत नाही. फ्लॅट घेता येतो, पण एका इमारतीतल्या ४९ टक्क्यांहून अधिक क्षेत्र परदेशी लोकांच्या हाती जाऊ शकत नाही. इथे कर भरा, मुलं इथे वाढवा, तुम्ही पाहुणेच राहता. पाहुण्याशी गोड वागणं सोपं असतं कारण त्याला वाटा द्यायचा नसतो.

आणि मैत्रीचं काय? ऑफिसातली माणसं गावाहून येताना माझ्यासाठी आठवणीने खाऊ आणतात, हॉटेलात जेवायला नेतात, बिलाला हात लावू देत नाहीत. पण त्यांच्या घराचं दार मी आतून पाहिलेलं नाही. मनात काय आहे ते तोंडावर कधी बोलत नाहीत. याला मी सौजन्य म्हणेन. औदार्य म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

मोगरा

अजिंठ्याला भारतीयाला ४० रुपये आणि परदेशी माणसाला ६०० रुपये तिकीट आहे. त्यावरून लेण्यांशेजारच्या फर्दापूर गावातल्या माणसाचं आदरातिथ्य खोटं ठरवायचं का? तिकीट आणि व्हिसा सरकार ठरवतं. गल्लीतल्या बाईला त्यात कोणी विचारलेलं नसतं.

घरी न बोलावण्याबद्दल मात्र मला मनापासून लिहायचं आहे. बँकॉकमध्ये नोकरी करणारी पुष्कळ माणसं एका खोलीत राहतात, कित्येकांकडे नीट स्वयंपाकघरही नसतं. त्यांचं घर गावी असतं. मी शाळेत शिकवत होते तेव्हा आमच्या वर्गातल्या मदतनीस बाईंनी मला सोंगक्रानला, म्हणजे थाई नववर्षाला, त्यांच्या गावी, रोई एतला नेलं. एप्रिलचा मध्य, ईसानचा, म्हणजे ईशान्य थायलंडचा, तो उन्हाळा, रात्रभराची बस. घरात पंखा एकच होता. तो रात्रभर माझ्याकडे वळवलेला होता आणि त्यांची म्हातारी आई झापाच्या पंख्याने वारा घेत बसली होती. मी पंखा त्यांच्याकडे वळवला की थोड्या वेळाने तो परत माझ्याकडे वळलेला असे. सकाळी आईंच्या हातावर पाणी घालून आशीर्वाद घेतला, तेव्हा इतर लेकरांच्या मनगटावर बांधला तसाच पांढरा दोरा त्यांनी माझ्याही मनगटावर बांधला.

सोयकाठ, तुमच्या सहकाऱ्यांना गाव कुठलं ते विचारून बघा. त्यांच्या दाराचा पत्ता तिथला असेल.

सीमेवरची नोंद

मी म्यानमार सीमेवर, माय सोतला निर्वासितांच्या आरोग्याच्या कामात होतो. वरचं सगळं वाचलं आणि अस्वस्थ झालो. तुम्ही सगळे थाई औदार्य स्वतःवरून मोजता आहात. इंजिनियर, शिक्षिका, बँकॉकचा पगारदार. यांच्याशी कोण वाईट वागतं?

परदेशी माणूस म्हणजे बर्मी मजूरही. तो इथे लाखोंनी आहे. तुमची कोळंबी सोलतो, तुमच्या इमारती बांधतो. मासेमारीच्या बोटींवर बर्मी आणि कंबोडियन माणसांना वर्षानुवर्षं बिनपगारी डांबलं गेलं, हे जगाने पाहिलं. २०१५ मध्ये युरोपीय संघाने थायलंडच्या बेबंद मासेमारीवर ताकीद दिली तेव्हा कुठे कायदे हलले. त्याच वर्षी मे महिन्यात सोंगखलाच्या जंगलात मानवी तस्करीच्या छावण्या आणि रोहिंग्यांच्या पुरलेल्या प्रेतांचे खड्डे सापडले. डिसेंबर २०२० मध्ये समुत साखोनच्या कोळंबी बाजारात कोरोना पसरला तर बर्मी मजुरांच्या वस्तीला काटेरी तारेचं कुंपण घातलं, आणि समाजमाध्यमांवर त्यांना काय काय म्हटलं गेलं ते मी वाचलं आहे. २०२५ च्या जुलैत कंबोडियाशी सीमेवर लढाई झाली आणि लाखो कंबोडियन मजूर भीतीने मायदेशी पळाले.

रंगाचंही बोला. २०१६ मध्ये, गोरी असाल तरच जिंकाल असं सांगणारी गोळ्यांची जाहिरात इथे आली होती. ओरड झाली म्हणून मागे घेतली. आपण भारतीयही त्या शिडीवर फार वरच्या पायरीवर नाही. कढई ठेवणाऱ्या पांचा मी अनादर करत नाही. पण त्यांच्या गाडीमागे भांडी घासणारी मुलगी बहुधा बर्मी असेल. ती काय खाते, तिची कागदपत्रं कोणाकडे आहेत, हे विचारल्याशिवाय 'थाई माणूस उदार आहे' हे वाक्य मला लिहवणार नाही.

रायोंगकर

सीमेवरची नोंद, तुम्ही लिहिलेल्यातली एकही घटना मी नाकारत नाही. तो मासेमारीचा काळा धंदा होता आणि त्यात थाई मालक, दलाल, काही अधिकारीही होते.

माझा आक्षेप तुम्ही काढलेल्या निष्कर्षावर आहे. तुमच्याच माय सोतला १९८९ पासून डॉ. सिंथिया माँग यांचा माय ताओ दवाखाना चालतो. त्या स्वतः म्यानमारमधल्या कारेन समाजातल्या निर्वासित. २००२ चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना मिळाला. इतकी वर्षं परवान्याच्या कागदांच्या बाहेर राहून तो दवाखाना चालला, तो आसपासच्या थाई डॉक्टरांनी, अधिकाऱ्यांनी, गावकऱ्यांनी चालू दिला म्हणूनच ना? आणि मार्च २०२५ च्या भूकंपात बँकॉकच्या चतुचक भागात बांधकाम चालू असलेली सरकारी इमारत कोसळली, तेव्हा ढिगाऱ्याखाली थाई मजुरांबरोबर बर्मी मजूरही होते. तिथे बाहेर बसलेल्या नातेवाइकांना पाणी-जेवण आणून देणाऱ्यांनी त्यांचा देश विचारला नाही.

सीमेवरची नोंद

"चालू दिला" हा शब्द बघा. दवाखाना उभा केला बर्मी लोकांनी, पैसा बराचसा परदेशातून आला, आणि श्रेय चालू देणाऱ्याला?

चतुचकचं मान्य. संकटात थाई माणूस धावतो याविषयी माझा वाद नव्हताच. माझा वाद संकट नसलेल्या दिवसांबद्दल आहे. गुहेतल्या त्या मुलांपैकी तिघं आणि प्रशिक्षक कोणत्याच देशाचे नागरिक नव्हते. सुटकेनंतर महिन्याभरात, ऑगस्ट २०१८ मध्ये, त्यांना नागरिकत्व मिळालं. त्यांच्यासारखे सुमारे पावणेपाच लाख नागरिकत्वहीन लोक देशात होते आणि त्यांच्यासाठी प्रक्रिया सोपी करायचा मोठा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला तो ऑक्टोबर २०२४ मध्ये. गुहेत अडकल्याशिवाय माणूस दिसायला सहा वर्षं लागली.

मोगरा

शिक्षिका आहे म्हणून शाळेचं सांगते. कागदपत्रं असोत नसोत, देशातल्या प्रत्येक मुलाला सरकारी शाळेत शिकता यावं असा निर्णय थायलंडने २००५ मध्ये घेतला. बर्मी मजुरांची मुलं थाई मुलांशेजारी बसून शिकतात. श्रीमंत देशही याबाबतीत मागे आहेत.

आणि २०२३ मध्ये आंग थोंग प्रांतातल्या एका शाळेत काय झालं तेही सांगते, कारण ते तुमच्या बाजूचं आहे आणि माझ्याही. तिथे सीमेकडून आलेली १२६ मुलं शिकत होती. प्रशासनाने त्यांना परत पाठवलं आणि त्यांना शाळेत घेणाऱ्या मुख्याध्यापकावरच गुन्हा दाखल केला. मुलांना घेणाराही थाई, काढणारेही थाई. माझं माप त्या मुख्याध्यापकावरून घेतलं तर का चुकलं?

सीमेवरची नोंद

त्यांच्या बाजूने किती जण उभे राहिले यावरून घ्या.

त्रयस्थ

हुआ हिनला निवृत्तीच्या व्हिसावर आहे. चर्चेत एक गोष्ट आलीच नाही, ती म्हणजे पुण्य. इथलं देणं बहुतांशी पुण्यासाठी असतं. पहाटे भिक्खूंच्या पात्रात भात, देवळाला दान, पक्षी सोडणं, मासे सोडणं. पुढच्या जन्मासाठी केलेली ही गुंतवणूक. समोरचा माणूस त्यात निमित्त असतो. सोडण्यासाठी पक्षी आधी कोणीतरी जाळ्यात पकडलेले असतात, हे बघितल्यावर माझं मन त्यातून उडालं.

घाटमाथा

त्रयस्थ, पक्ष्यांबद्दल सहमत. बाकी अजिबात नाही.

बँकॉकला चायनाटाउनजवळ पो तेक तुंग ही शंभरहून अधिक वर्षं जुनी संस्था आहे. बेवारस मृतदेहांचे अंत्यसंस्कार करणं हे तिचं मूळ काम. लोक येतात, शवपेटीचे पैसे देतात, नावाची चिठ्ठी चिकटवतात, जातात. त्या पेटीत कोण झोपणार हे त्यांना कधीच कळत नाही. ज्याला दिलं तो आभार मानायला शिल्लक नाही. पुण्यासाठी दिलं असेल, असू दे. त्या मेलेल्या अनोळखी माणसाला पेटी मिळाली, हे खोटं कसं होतं?

याच संस्थेचे आणि रुआमकतन्यू या तशाच दुसऱ्या संस्थेचे स्वयंसेवक रात्री रस्त्यांवर थांबतात. थायलंडचे रस्ते जगातल्या सर्वांत जीवघेण्या रस्त्यांत मोडतात, आणि अपघात झाला की अनेकदा पहिले हेच पोहोचतात. दिवसा नोकरी, रात्री हे. माझी स्कूटर पावसात घसरली तेव्हा मला उचलणारा मुलगा दिवसा मोबाइल दुरुस्त करायचा. पाय बांधला, हॉस्पिटलात नेलं, माझ्या मोडक्या थाईत फॉर्म भरवला. मी नोटा पुढे केल्या तर दोन्ही हात जोडून मागे सरला. आपल्या गावोगावच्या पाणपोईवर बसलेल्या माणसाला हेतू विचारायचा नसतो, पाणी प्यायचं असतं.

गायक तून बॉडीस्लॅम २०१७ मध्ये दक्षिणेच्या बेतोंगपासून उत्तरेच्या माय सायपर्यंत २,००० किलोमीटरहून जास्त धावला, सरकारी रुग्णालयांसाठी. शंभर कोटी बाटच्या वर जमले. रस्त्याच्या कडेला उभ्या शाळकरी मुलांनी खाऊचे पैसे दिले. त्यांना कोण पुढच्या जन्माचं गणित शिकवून आलं होतं?

सोयकाठ

घाटमाथा, तुमचा मुद्दा पटतो. पण देणारा उदार असणं आणि मला आपलं मानणं यात फरक आहे, त्यावर मी ठाम आहे. माझी मुलं इथे जन्मली. त्यांना घेणाऱ्यांच्या रांगेत कायम ठेवणारं औदार्य मला पुरत नाही. त्यांना देता आलं पाहिजे.

चाफा

सोयकाठ, देता येण्याचा एक मार्ग आहे, आणि तो फारच थोड्या भारतीयांना माहीत आहे. थाई लोकांत आरएच निगेटिव्ह रक्त हजारात तिघांच्या आसपास सापडतं. आपल्याकडे शंभरात पाच. बँकॉकला आंरी दुनां रस्त्यावर थाई रेडक्रॉसचं राष्ट्रीय रक्तकेंद्र आहे आणि ते परदेशी रहिवाशांना या रक्तासाठी नेहमी आवाहन करतं. मी बी निगेटिव्ह आहे, नियमित जाते. तिथे पासपोर्टावरून रांग वेगळी होत नाही. तुमच्या घरात कोणी निगेटिव्ह असेल आणि वयाच्या अटीत बसत असेल तर आधी फोन करून जा, गट आणि औषधं विचारतात.

सीमेवरची नोंद

मी ओ निगेटिव्ह आहे, पुढच्या खेपेला बँकॉकला आलो की जाईन. रायोंगकर, तुम्हीही एक करा. भांडी घासणाऱ्या मुलीबद्दल पांना विचारा आणि काय उत्तर येतं ते इथे लिहा. तिचं कामाचं कार्ड तिच्याच हातात असेल, मालकिणीच्या कपाटात नसेल, आणि ती तीच भाजी खात असेल, तर मी माझं म्हणणं पुन्हा तपासून बघेन.

रायोंगकर

विचारतो. ती म्यानमारच्या शान राज्यातली आहे एवढं मला माहीत आहे, आणि दुपारी दोघी एकाच ताटात जेवतात हे रोज दिसतं. कार्डाचं मात्र विचारलेलं नाही. उद्या विचारून लिहितो.