मदत हवी आहे: तंदुरी मासा करताना पाणी सुटतं, मसाला गळून पडतो

गडबडगुंडी: लोकहो पटकन सांगा, आज रात्रीच करायचंय. घरी तंदुरी फिश केला की ट्रेमध्ये तळं होतं, मसाला सगळा त्या पाण्यात आणि मासा उकडल्यासारखा पांढराफटक. हॉटेलात कसा कडा करपलेला, मसाला घट्ट बसलेला येतो तसा हवाय. ऑफिसातून घरी यायलाच सात वाजतात त्यामुळे लांबलचक रेसिपी नको. आणि कृपया व्हिडिओच्या लिंका देऊ नका, सगळे बघून झालेत.

खाडीकाठ: मासा कुठला?

गडबडगुंडी: कुठलाही असला तरी मसाला चिकटायला काय हरकत आहे? बोनलेस आहे.

खाडीकाठ: म्हणजे बासा, आणि तोही फ्रोजन. त्यात पाणी भरपूर असतं. आदल्या रात्री फ्रीजरमधून काढून खाली फ्रीजमध्ये चाळणीवर ठेव, खाली ताटली. मग सुती फडक्याने दाबून टिपून कोरडा कर, नुसता निथळून भागत नाही. रावस नाहीतर सुरमईच्या जाड तुकड्या आणल्यास तर निम्मी कटकट तिथेच मिटेल.

आक्का_मालवणी: मी म्हणते माशाला दही हवंच कशाला? मीठ, हळद, आगळ, घरचा मसाला, वरून रवा आणि तांदळाचं पीठ, तव्यावर खरपूस भाजा की झालं. सोबत सोलकढी करा.

दहीपोहे: आक्का, तिने तंदुरी विचारलंय 😀 आणि माशाला दही चालत नाही तर बंगाली लोकांचं दोई माछ काय असतं मग?

आक्का_मालवणी: बंगाल्यांचं बंगाल्यांपाशी.

दहीपोहे: बरं. गडबडगुंडी, दही कुठलं वापरतेस? डब्यातलं तसंच घातलं तर पाणी सुटणारच. चक्का घे, विकतचा चालतो. त्यात चमचाभर भाजलेलं बेसन, काश्मिरी तिखट, कसुरी मेथी हातावर चुरडून, थोडा ओवा, आणि मोहरीचं तेल असेल तर तेच, नसेल तर साधं. मसाला इतका घट्ट हवा की चमचा उलटा केला तरी पडता कामा नये.

शुद्ध_शाकाहारी: आम्ही मासे खात नाही पण हाच मसाला पनीरला लावतो, ढोबळी मिरची आणि कांद्याचे चौकोनी तुकडे घालून, अप्रतिम लागतं. पनीर आधी कोमट पाण्यात ठेवायचं.

खाडीकाठ: मसाला लावून ठेवतेस किती वेळ, ते सांगितलंच नाहीस. लिंबू घालतेस का?

गडबडगुंडी: लिंबू कोण घालत नाही? सकाळी लावून फ्रीजमध्ये ठेवते, रात्री डायरेक्ट ओव्हनमध्ये. मुरायला नको का?

खाडीकाठ: ते चिकनला. मासा नाजूक असतो, दिवसभर लिंबू-मिठात राहिला की पिठूळ होतो आणि पाणीही सोडतो. आलं-लसूण, मीठ, थोडंसं लिंबू लावून दहा मिनिटं, सुटलेलं पाणी टाकून द्यायचं, मग दह्याचा मसाला लावून वीस मिनिटं. तेवढ्यात भात लाव, कोशिंबीर कर.

पुणे३८: रावस आणा म्हणणाऱ्यांनी जरा कॅलेंडर बघावं, १ जून ते ३१ जुलै आपल्याकडे यांत्रिक बोटींना बंदी असते. सध्या बाजारात ताजा म्हणून जे देतात ते बहुतेक बर्फातलं नाहीतर दुसरीकडून आलेलं.

आक्का_मालवणी: पावसात नदीचे मासे खावेत, नाहीतर सुका जवळा आहेच की. श्रावण लागला की तसंही बंद.

पुणे३८: आमच्याकडे श्रावण वगैरे काही नाही.

तापलेला_तवा: एवढी चर्चा झाली, ओव्हन कुठला हे कुणी विचारलंच नाही!! ओटीजी का मायक्रोवेव्ह? कुठल्या मोडवर?

गडबडगुंडी: मायक्रोवेव्हच आहे, कन्व्हेक्शनवाला. मायक्रो प्लस ग्रिल असं बटण आहे त्यावर लावते, लवकर होतं म्हणून.

तापलेला_तवा: हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं. मायक्रोवेव्हने मासा आतून वाफवला जातो, वरचं ग्रिल तापेपर्यंत पाणी सुटून मोकळं. नुसतं कन्व्हेक्शन घे, २२० ला आधी चांगलं तापू दे, मासा ट्रेमध्ये न ठेवता उंच जाळीवर ठेव, वर तेलाचा ब्रश. दहा-बारा मिनिटं, शेवटची दोन-तीन फक्त ग्रिल. तंदूर चारशेच्या वर तापतो, घरी तसा करप येणार नाही, पण बऱ्यापैकी जमतं.

दहीपोहे: त्यापेक्षा एअर फ्रायर घे, २०० ला दहा मिनिटं.

तापलेला_तवा: आज रात्रीच्या जेवणासाठी आता एअर फ्रायर विकत घेऊ का तिने?

गडबडगुंडी: चक्का नव्हता, दही पंच्यात बांधून नळाला टांगलं आणि बिडाच्या तव्यावरच केला, ओव्हन तापेपर्यंत धीर नव्हता. पाणी अजिबात नाही सुटलं! एका बाजूला मस्त काळे डाग आले पण दुसऱ्या बाजूचा मसाला तव्यालाच राहिला. आता हे का?

खाडीकाठ: पहिल्या बाजूला तवा कडकडीत होता, उलटलास तोवर निवला असेल. उलटण्याआधी बाजूने तेल सोड, आच वाढव. आणि चिकटला म्हणून उलथन्याने खरवडू नकोस, खालून नीट भाजला गेला की कड आपोआप सुटते.