दारूपायी होणारा दवाखान्याचा खर्च कंपनीने मोजून बघावा का?

भोसरीकर:
सुट्या भागांच्या कारखान्यात एचआर बघतो. वर्षभराचे मेडिक्लेमचे कागद चाळले. स्वादुपिंडाला सूज, कावीळ, रक्ताची उलटी. दारू हा शब्द एकाही कागदावर नाही. बहुतेक पॉलिसींत व्यसन आणि त्याचे परिणाम वगळलेले असतात, त्यामुळे दारू लिहिली की क्लेम गेलाच. वास्तविक २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारूशी निगडित मानसिक अवस्था आजारात धरल्या आहेत आणि विमा शारीरिक आजाराइतकाच द्या म्हटलंय. खर्च होतोच, फक्त दुसऱ्या नावाने. जागतिक आरोग्य संघटनेची दारूच्या सवयीची १० प्रश्नांची 'ऑडिट' चाचणी आहे, ८ किंवा जास्त गुण म्हणजे धोका. ती सगळ्यांची घ्यावी, खाडे आणि बिलं शेजारी मांडावीत. आकडा दिसल्याशिवाय मॅनेजमेंट व्यसनमुक्तीला पैसा देत नाही.

युनियनवाला:
साहेब, माझा विरोध आहे. आमच्याकडे निम्मी माणसं ठेकेदाराची. चाचणीत ९ गुण आले की "उद्यापासून येऊ नको", विषय संपला. खरं सांगणार कोण? आणि बिलं कुठली धरणार? २१ हजारांपर्यंत पगार असलेल्याचा उपचार ईएसआय ही सरकारी कामगार विमा योजना करते. कंपनी पगाराच्या ३.२५ टक्के भरते, कामगार ०.७५ टक्के, बिल तुमच्या टेबलावर येतच नाही. तुमच्या बेरजेत फक्त ऑफिसवाले दिसतील.
प्रेसवर बोट गेलेला आमचा एक पोरगा सलग चौथी डबल ड्यूटी करत होता. दिवसा झोप लागावी म्हणून क्वार्टर मारायचा. आधी ओटी, म्हणजे ओव्हरटाइम मोजा, मग दारू.

नऊ वर्षं कोरडा:
दादा, तुमचं ओटीचं पटलं. बाकी नाही. मी त्याच लाइनवर प्यायचो. सुपरवायझर गेटवर तोंडाजवळ नाक आणायचा आणि "जा, घरी झोप" म्हणायचा. माझ्या भल्यासाठीच. मस्टरवर खाडा लागायचा, कारण 'ताप'. सहा वर्षं मला सोमवारीच ताप येत होता आणि कुणीच विचारलं नाही. नोकरी वाचली, लिव्हर नाही. शेवटी बायकोने येरवड्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात नेलं, तेव्हा तिच्या कानात काही उरलं नव्हतं. तो खर्च कुठल्या कागदावर आहे? लपवून कामगार वाचतो असं मला नका सांगू.

भोसरीकर:
ईएसआयचं माझ्या लक्षात आलं नव्हतं, मान्य. चाचणी बाजूला ठेवतो. पण मस्टर सोडणार नाही. दोन वर्षांचे सोमवारचे आणि पगारानंतरचे खाडे नावं न घेता शिफ्टनुसार मोजतो, शेजारी ओटीचे तास.

युनियनवाला:
ठेकेदाराच्या माणसांचं मस्टरही घ्या. मोजताना मी शेजारी बसणार. ही अट मान्य असेल तर शनिवारी येतो.