‘बिट’ म्हणजे लगाम का? आणि ‘इव्हेसिव्ह’ घोड्याला काय म्हणायचं?

पानोपानी
घोडेस्वारीच्या एका पुस्तिकेचा अनुवाद करतेय. एका प्रकरणाचं नाव आहे ‘स्ट्राँग आणि इव्हेसिव्ह घोड्यासाठी योग्य बिट’. ‘बिट’ला लगाम लिहिलं, तर पुढच्याच परिच्छेदात अडतं, कारण तिथे तोंडातलं लोखंड वेगळं आणि हातातले पट्टे वेगळे आहेत. संपादकांनी ‘मुखलोह’ सुचवलंय. ‘इव्हेसिव्ह’ला मी ‘पळपुटा’ लिहिलं होतं, ते खोडलं गेलं. ‘स्ट्राँग’ला ताकदवान चालेल का?

टाच
ताकदवान नको. चार-पाच क्विंटलचं जनावर ताकदवान असतंच. इथे अर्थ आहे हातावर जोर देणारा, ओढणारा. पळपुटाही चुकीचं. हा घोडा पळत नाही, लोखंडाचा दाब चुकवतो. कुणी नाक आभाळाकडे करतो, म्हणजे दाब हिरडीवरून ओठांच्या कोपऱ्यांवर जातो. कुणी हनुवटी छातीला लावतो आणि पट्टेच सैल पाडतो. कुणी जीभ लोखंडावरून वर काढतो, कुणी जबडा तिरका करून तोंड वासतो. या सगळ्याला ‘चुकवणं’ हे साधं क्रियापद पुरतं. विशेषण हवंच असेल तर ‘चुकार’.

कोशवाचक
चुकार उत्तम. पण ‘मुखलोह’ कशाला घडवायचा? जुन्या मराठीत कडियाळं आहे, कडीपासून आलेलं. संस्कृतात हवा असेल तर अमरकोशात ‘कविका’ आणि ‘खलीन’ शेजारी शेजारी आहेत. त्यातला खलीन ग्रीक ‘खालिनोस’वरून आला असं भाषाअभ्यासक मानतात. लगाम तर फारसी. म्हणजे घोड्याच्या तोंडातली वस्तू आपण दोनदा बाहेरून घेतली. कडियाळं तेवढं घरचं, ते लिहा.

धुळीचा रस्ता
लिहा, पण वाचणार कोण? सारंगखेड्याच्या घोडेबाजारात जा किंवा माथेरानच्या घोडेवाल्यांना विचारा. लगाम म्हणजे सगळा साज, तोंडातल्या लोखंडापासून हातातल्या पट्ट्यांपर्यंत. ‘घोडा लगाम चावतोय’ म्हणतो तेव्हा लगाम तोंडात असतो, ‘लगाम ढिला सोड’ म्हणतो तेव्हा हातात. संदर्भ दोन्ही सांभाळतो. जिथे नेमकेपणा हवा तिथे ‘लगामाचं लोखंड’ आणि ‘लगामाचे पट्टे’ लिहा. कोणाला कोश उघडावा लागणार नाही.

कोशवाचक
प्रत्येक वस्तूला ‘अमक्याचं लोखंड’ म्हणत राहिलं तर शब्द मरतात. आणि आता लोखंड असतं तरी कुठे? स्टेनलेस स्टील, तांब्याची मिश्रधातू, रबर, प्लास्टिक.

टाच
शब्दावर भांडा, पण या प्रकरणातला अर्थ बिघडू देऊ नका. अनुवादात ‘जोरदार घोड्याला जोरदार लगाम’ असं काही आलं तर कुणीतरी ते वाचून जनावराचं तोंड फोडेल. ओढणारा घोडा बहुतेक वेळा दुखण्यापासून पळत असतो. दुखणं वाढवलं की तो जास्त ओढतो.

म्हणून लोखंड बदलण्याआधी तोंड उघडून बघायचं. दाढांच्या बाहेरच्या कडा धारदार झाल्या की गालाला आतून जखमा होतात. त्या कडा सहा महिने ते वर्षभरात कानशीने घासून घ्याव्या लागतात. काही घोड्यांना वरच्या पहिल्या दाढेच्या पुढे एक छोटा, खुंटीसारखा दात असतो. लोखंड त्याला लागलं की घोडा डोकं झटकतो. मग खोगीर पाठीला घासतंय का ते बघायचं. शेवटी खुराक: काम कमी आणि हरभरा-जव भरपूर असेल, तर दोष लगामाचा नाही.

मग माप. लोखंड बसतं त्या जागी तोंडात दोरी आडवी धरा, ओठांच्या दोन्ही कडांशी खूण करा, त्यात साधारण अर्धा सेंटीमीटर मिळवा. रुंद झालं तर लोखंड इकडून तिकडे सरकतं आणि मधला सांधा टाळूला टोचतो. खाली लोंबलं तर जीभ वर काढायला घोड्याला आयती जागा मिळते. ओठाच्या कोपऱ्यात एखाद-दोन सुरकुत्या पडतील इतकं वर असावं. जाड म्हणजे सौम्य, हेही सरसकट खरं नाही. जीभ मांसल आणि टाळू बुटका असेल तर अठरा मिलिमीटरचं लोखंड तोंडात मावतच नाही, म्हणून तो तोंड उघडतो. आपण मात्र ते पट्ट्याने बांधून बंद करतो.

निळी वाट
मूळ विषय सोडून एक. ‘मुजोर’ हा शब्द हिंदीतल्या ‘मुँहज़ोर’चा. तिकडे तो उद्धट बोलणाऱ्याला आणि तोंडाने जोर लावणाऱ्या घोड्याला, दोघांनाही लागतो. म्हणजे ‘स्ट्राँग’ला मुजोर घोडा! मराठीत आपण तो माणसांवर इतका वापरला की घोडा विसरला गेला.

धुळीचा रस्ता
व्युत्पत्ती मान्य. पण आज मुजोर म्हटलं की वाचक घोड्यावर राग काढेल, आणि टाच नेमकं तेच टाळायला सांगताहेत.

निळी वाट
शिरजोर म्हटलं तरी तेच. बरं, मग ‘बागडोर’चं काय? ती मुळात घोडा चालवत न्यायची लांब दोरी. मराठीत तिच्यामागे सत्ता लागली आणि दोरी गेली.

पानोपानी
माझ्याकडे बिटचे स्नॅफल आणि पेलहॅम असे दोन प्रकार आहेत. त्यांना मराठी नावं द्यायची का?

टाच
नावं तशीच ठेवा, काम मराठीत सांगा. स्नॅफलमध्ये हाताने जेवढं ओढाल तेवढंच तोंडाला पोचतं. पेलहॅमला खाली दांडी असते, ती तरफ आहे. वरची बाजू पाच आणि खालची दहा सेंटीमीटर धरली, तर खालच्या पट्ट्यावरच्या एक किलो ओढीने हनुवटीखालच्या साखळीवर दोन किलोचा ताण येतो, आणि तोंडातल्या लोखंडावर दोन्हींची बेरीज, तीन किलो. म्हणून पेलहॅमला दोन पट्टे असतात: रोजचं काम वरच्यावर, खालचा लागेल तेव्हाच. दोन्ही एका जोडपट्टीत अडकवले तर हा फरकच जातो.

आणि दिशा बघा. डोकं खाली घालून हातावर लोंबणाऱ्या घोड्याला डोकं उचलणारा ‘गॅग’ प्रकारचा लगाम काही जण देतात. नाक वर करणाऱ्याला तोच दिला तर खोड वाढते.

कोशवाचक
काटेरी लगामाबद्दल पुस्तिकेत काही आहे का? नसेल तर तळटीप घाला. ओझ्याच्या आणि ओढकामाच्या जनावरांसाठीच्या 1965 च्या केंद्रीय नियमांनुसार काटे किंवा टोकं असलेला लगाम वापरायला मनाई आहे. बाजारात तो अजून दिसतो. आणि तळटीपेत कडियाळं लिहा, निदान एकदा.

पानोपानी
तळटीप घालते, नावाचं बघू. आता नवीन अडचण: साखळी ‘चिन ग्रूव्ह’मध्ये बसवा असं लिहिलंय.

टाच
खालच्या ओठामागे हनुवटीखाली जी खाच असते, ती. ‘हनुवटीची खाच’ पुरे. साखळी उजवीकडे पिळत सपाट करायची आणि मगच अडकवायची, नाहीतर कड्या कातडीत रुततात. दांडी साधारण पंचेचाळीस अंश मागे आली की साखळी लागली पाहिजे. त्याआधी लागली तर घट्ट, फार नंतर लागली तर तरफेचा उपयोग नाही.

धुळीचा रस्ता
खाच नको, खोबण म्हणा. खाच कापलेली असते.