जानेवारीत जुन्या मॅटाडोरमधून महाबळेश्वर: ऊब आणि विजेची सोय कशी करावी?

धायरीची_भटकी

नमस्कार. आमच्याकडे १९९४ सालची एफ ३०७ मॅटाडोर आहे. आजोबांनी ती माल वाहायला घेतली होती. पुढे बाबांनी मागे बंद बॉडी बांधून आत दोन बर्थ, छोटा ओटा आणि कपाट करून घेतलं. आरसीवर त्या बदलाची नोंद आहे, पासिंगही झालंय. इंजिन ठणठणीत आहे, बाबा स्वतः बघतात.

जानेवारीत मी आणि बाबा वाई, पाचगणी करत महाबळेश्वरला जाणार आहोत. पहिल्या दोन रात्री वेण्णा तलावाजवळ ओळखीच्यांच्या स्ट्रॉबेरीच्या शेतात गाडी लावायची परवानगी मिळाली आहे. तिथे वीज नाही. तिसऱ्या रात्री एका रिसॉर्टच्या आवारात, तिथे प्लग मिळेल.

आजवर आम्ही गाडी घेऊन फिरलो ते कोकणात किंवा पानशेतच्या बाजूला, त्यामुळे थंडीचा प्रश्न आला नाही. आता बाबा ६९ वर्षांचे आहेत आणि रात्री सीपॅप मशीन (झोपेत श्वास अडू नये म्हणून मास्कमधून दाबाने हवा देणारं) लावून झोपतात. ते बंद पडून चालणार नाही. गाडीत इंजिनची एकच बॅटरी आहे, त्यावरच आतले दिवे आणि पंखा. बाहेरून पत्रा, आतून प्लाय, मध्ये काही नाही. एक छोटा १२ व्होल्टचा फ्रिज घ्यायचा विचार आहे.

एक नातेवाईक म्हणतात, लोखंडी शेगडीत कोळसे घालून झोपायच्या आधी तासभर आत ठेवा. एका दुकानदाराने मोठा इन्व्हर्टर आणि १००० वॅटचा रूम हीटर सुचवला आहे. खर्चाची मर्यादा चाळीस-पन्नास हजार. आधी काय करावं?

भोसरी_डिझेल

सरळ डिझेल हीटर बसवा. गाडीच्याच टाकीतून डिझेल घेतो. २ किलोवॅटचा हीटर मंद चालवला तर तासाला पाव लिटरसुद्धा लागत नाही. सुरू होताना ग्लो प्लगसाठी (डिझेल पेटवायला तापणारी कांडी) दहाएक अँपिअर ओढतो, मग एक-दोन अँपिअरवर चालतो. आत गरम हवा येते ती वेगळी, धूर खालून वेगळ्या नळीने बाहेर जातो. मी हिमाचलमध्ये स्पितीला जाताना बसवला, तेव्हापासून थंडीची काळजी मिटली.

आकुर्डीचा_वायरमन

ताई, सगळ्यात आधी शेगडीचं. ती गाडीत आणू नका. तासभर नाही, दहा मिनिटंही नाही. कोळसा धुमसतो तेव्हा कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. बंद बाथरूममधल्या गॅस गीझरने माणसं दगावल्याच्या बातम्या आपण वाचतो, तोच हा वायू. बाबांना श्वासाचा त्रास आहे, म्हणून मी हे दोनदा सांगतोय. ओट्यावरचा गॅसही फक्त स्वयंपाकाला, तोही खिडकी उघडी ठेवून. ऊब येण्यासाठी पेटता ठेवायचा नाही. सिलिंडर आत असेल तर त्याच्या कप्प्याच्या तळाला बाहेर उघडणारं भोक हवं. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचून राहतो. या सगळ्याबरोबर बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म घ्या. बाकी यादीतलं काहीही पुढे ढकला, हा नाही.

आता दुकानदाराचा हीटर. १००० वॅट १२ व्होल्टवरून काढायचे म्हणजे ८३ अँपिअर, इन्व्हर्टरचा तोटा धरला तर नव्वदच्या वर. १०० अँपिअर-अवरची (अँपिअर गुणिले तास) लिथियम बॅटरी, म्हणजे साधारण १२८० वॅट-अवर (वॅट गुणिले तास) वीज, तासाभरात संपेल आणि पुढे अख्खी रात्र उरेल. बॅटरीच्या विजेने गाडी गरम करायची नसते. ती वीज बाबांच्या मशीनसाठी राखून ठेवायची.

मग ऊब कुठून? झोपलेला माणूस सत्तर-ऐंशी वॅट उष्णता सोडतो. तुम्ही दोघं म्हणजे रात्रभर चालणारा दीडशे वॅटचा हीटर. फुकटचा आहे, पण तुमची गाडी ती उष्णता धरून ठेवत नाही. मी अंदाजे गणित मांडलं: भिंती, छप्पर, फरशी मिळून २५ चौरस मीटर, आत-बाहेर १० अंशांचा फरक. नुसत्या पत्र्यातून हजार-बाराशे वॅट निघून जातात. त्याच पत्र्याला आतून २० मिलिमीटर जाड बंद पेशींचा (पाणी न शोषणारा) फोम चिकटवला तर साडेतीनशेच्या आसपास. तुमच्या बॉडीत पत्र्यामागे प्लाय आहे म्हणून आकडे थोडे बरे येतील, तरी फरक एवढाच मोठा राहील. तेव्हा पैसे आधी फोममध्ये घाला.

प्लाय उघडा, आत गंज दिसला तर तो घासून प्रायमर मारा, आणि फोम पत्र्याला पूर्ण चिकटवून लावा. मध्ये हवा राहिली की पत्र्यावर पाणी धरतं आणि दोन वर्षांत पत्रा खातं. बॉडीच्या लोखंडी पट्ट्यांवरूनही फोमची पातळ पट्टी न्या, कारण थंडी तिथूनच आत येते. स्पंज घेऊ नका, तो पाणी पितो. फोम आणि प्लाय दोन्ही भवानी पेठेत टिंबर मार्केटच्या बाजूला बघायला मिळेल. छपरापासून सुरुवात करा. वेळ कमी पडला तर फक्त छप्पर आणि बाबांच्या बर्थची बाजू, एवढं तरी करा.

काचा हे दुसरं भोक. ड्रायव्हर केबिन आणि मागचा भाग यांच्यामध्ये जाड पडदा लावा, वरपासून खालपर्यंत, बाजूने फट न ठेवता. घरातली जुनी गोधडी दांडीवर अडकवली तरी काम होतं. पुढची मोठी काच गरम ठेवायचा प्रयत्न करण्यात अर्थ नाही, तिला पडद्यापलीकडे, खोलीबाहेरच राहू द्या.

पण गाडी डब्यासारखी हवाबंद करू नका. दोन माणसांच्या श्वासातून रात्रभरात अर्धा लिटरच्या आसपास पाणी हवेत जातं. ते गार काचेवर आणि पत्र्यावर उतरतं, पहाटे अंथरूण ओलसर लागतं, आणि ओलसर अंथरुणात जास्त थंडी वाजते. एक खिडकी बोटभर उघडी आणि छपराला झडप असेल तर तीही थोडी उघडी.

अंथरुणाबद्दल लोक वरून काय घ्यायचं तेवढाच विचार करतात. बर्थखालची पेटी गार हवेने भरलेली असते, थंडी खालून येते. गादीखाली घोंगडी घाला, वरून वाकळ किंवा रजई. कानटोपी आणि पायमोजे झोपतानाच घाला, थंडी वाजल्यावर नव्हे. रबरी पिशवीत दोन लिटर गरम पाणी भरून पायाशी ठेवलं तर ते निवता निवता जवळजवळ १०० वॅट-अवर उष्णता देतं, आणि ती गॅसवरून आलेली असते, बॅटरीवरून नाही. पाणी उकळतं भरू नका आणि पिशवीला कापड गुंडाळा. बाबांना मधुमेह असेल तर जास्तच जपा, पायांना चटका कळत नाही.

आता वीज. इंजिनच्या बॅटरीला राहण्यासाठी हात लावायचा नाही. तुमच्या गाडीत मर्सिडीझच्या आराखड्याचं ओएम ६१६ इंजिन आहे, २.४ लिटरचं. गार सकाळी हीटर प्लग (इंजिनातले ग्लो प्लग) तापल्याशिवाय ते नीट पेट घेत नाही, आणि प्लग व स्टार्टर दोघंही बॅटरीचा जीव काढतात. दिवे-पंख्यात ती अर्धी झाली तर शेतातून निघणं अवघड.

म्हणून दुसरी बॅटरी. तुमची गरज मी अशी धरतो: सीपॅप, त्यातला हवा ओलसर करणारा ह्युमिडिफायर बंद ठेवून, रात्रभरात दीडशे वॅट-अवरच्या आसपास, फ्रिज दिवसाला तीनशे-चारशे, एलईडी दिवे आणि फोन मिळून शंभर. म्हणजे सहाशेच्या घरात. लिथियम आयर्न फॉस्फेटची १०० अँपिअर-अवरची बॅटरी दोन रात्री काढते. घरच्या इन्व्हर्टरची १५० अँपिअर-अवरची ट्युब्युलर (शिसं-आम्लाची) बॅटरी स्वस्त पडते, पण तिचा निम्माच भाग वापरायचा. शिवाय चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते. बाबांच्या उशाखालच्या पेटीत मला ती नको वाटते. माझं मत लिथियम.

ही बॅटरी आल्टरनेटरला (इंजिनवर फिरून वीज बनवणारा जनित्र) थेट जोडू नका. लिथियम मिळेल तेवढा करंट ओढते आणि जुना आल्टरनेटर तापून जळतो. मध्ये करंटला मर्यादा घालणारा २० अँपिअरचा डीसी-टू-डीसी चार्जर बसवा. पुण्याहून पसरणी घाट चढून महाबळेश्वरला जायला तुमच्या गाडीला चार तास लागतील, तेवढ्यात हजारेक वॅट-अवर भरतील आणि तुम्ही जवळजवळ भरल्या बॅटरीने पोचाल. वायर १० चौरस मिलिमीटरची, आणि दोन्ही बॅटऱ्यांच्या टोकाला लगेच ४० अँपिअरचा फ्यूज. फ्यूज वायरच्या मध्यावर लावलेला मी अनेक गाड्यांत पाहिलाय. त्याने बॅटरीपासून फ्यूजपर्यंतची वायर संरक्षणाविना राहते. १९९४ ची मूळ वायरिंग कडक झालेली असणार, इन्सुलेशन वाकवलं की तडकतं. नवा लोड तिच्यावर टाकू नका, सगळं नव्याने ओढा. वायर आणि लग्ज (वायरच्या टोकाला लावायच्या धातूच्या टोप्या) तपकीर गल्लीत मिळतील, लग्ज क्रिम्प करून, म्हणजे दाबयंत्राने आवळून घ्या.

भोसरीकरांचा डिझेल हीटर चांगली वस्तू आहे, स्पितीसाठी मीही तोच सांगेन. महाबळेश्वरच्या तीन रात्रींसाठी, ज्या गाडीत अजून फोमच नाही तिच्यात तो आधी बसवू नये असं माझं मत. गळक्या माठात पाणी ओतल्यासारखं होतं ते. पुढे बसवलात तर धुराच्या नळीचा एकही जोड गाडीच्या आत नको.

वाईचा_पाहुणचार

वेण्णेजवळ थंडी बाकी महाबळेश्वरपेक्षा जास्त असते हे लक्षात ठेवा. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री गार हवा उतारावरून खाली वाहत येते आणि तलावाच्या खोलगट भागात साचते. काही पहाटे स्ट्रॉबेरीच्या पानांवर आणि गाड्यांच्या टपांवर दव गोठलेलं सापडतं, बाजारपेठेत तेव्हा तसं काही नसतं. शेतमालकांना विचारून गाडी बांधाच्या वरच्या अंगाला लावा. थोडी उंचीसुद्धा पुरते. मागचं दार किंवा मोठी खिडकी पूर्वेला येईल असं बघा, सकाळचं ऊन थेट आत येतं.

धायरीची_भटकी

सगळ्यांचे मनापासून आभार. शेगडीचं बाबांना वाचून दाखवलं, तो विषय संपला. रविवारी छपराचा प्लाय उघडतोय.

वायरमनकाका, तीन शंका. ह्युमिडिफायर बंद ठेवला तर बाबांचा घसा कोरडा पडतो, काय करू? सीपॅपसाठी इन्व्हर्टर लागेलच ना? आणि सोलर पॅनल घ्यावं का?

आकुर्डीचा_वायरमन

ह्युमिडिफायरमध्ये पाणी तापवणारी प्लेट असते, तीच वीज खाते. ती चालू ठेवली तर खर्च दुप्पट-तिप्पट होतो. बऱ्याच मशीनमध्ये प्लेट बंद ठेवून टाकीत पाणी ठेवता येतं, त्याने थोडा ओलावा मिळतो. पण हे बाबांच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा. घसा जपणं जास्त महत्त्वाचं ठरलं तर फ्रिज घेऊ नका. जानेवारीत वेण्णेकाठी दूध-भाजी बाहेरच्या पेटीतही टिकते, आणि फ्रिजचे तीनशे-चारशे वॅट-अवर बाबांच्या मशीनला मिळतात. निवड करायची झाली तर मी क्षणभरही विचार करणार नाही.

इन्व्हर्टर नको. १२ वरून २३० करायचे आणि मशीनच्या अ‍ॅडॉप्टरने पुन्हा उतरवायचे, दोन्हीकडे वीज वाया. मशीनवर किती व्होल्ट लिहिलेत ते बघा. बरीच मशीन २४ व्होल्टवर चालतात, त्यांना त्याच कंपनीचा डीसी कन्व्हर्टर लागतो. सिगारेट लायटरच्या सॉकेटवर मात्र त्याचा भरवसा ठेवू नका, खड्ड्यात पिन ढिली होते. घट्ट बसणारं वेगळं सॉकेट द्या, त्याला स्वतःचा फ्यूज.

सोलर या फेरीला गरजेचं नाही. आपल्याकडे हिवाळ्यात आकाश स्वच्छ असतं, पण डिसेंबर-जानेवारीत सूर्य दुपारीही पन्नास अंशांच्या आसपासच चढतो. टपावर आडव्या ठेवलेल्या पॅनलला दुपारीसुद्धा तीन चतुर्थांशच मिळतं. तरी २०० वॅटचं पॅनल दिवसाला सहाशे-सातशे वॅट-अवर देईल. पावसाळ्यात फिरायचं असेल तर तेव्हा उलट पॅनलवर विसंबता येत नाही, गाडी चालवूनच बॅटरी भरावी लागते.

तिसऱ्या रात्रीच्या प्लगवर ऑइल हीटर लावायला हरकत नाही. आधी फेज आणि अर्थिंग तपासून घ्या. पत्र्याच्या गाडीत प्लगला अर्थिंग नसेल आणि कुठे वीज गळली तर दाराला हात लावताच झटका बसू शकतो. वायर गाडीत शिरते तिथेच ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) हवा. एक्स्टेंशनची वायर २.५ चौरस मिलिमीटरची, आणि रीळ पूर्ण उलगडून ठेवा, गुंडाळलेली वायर तापते.

बॅटरी बसली की तिच्यावर शंटवाला मॉनिटर (आत-बाहेर जाणारा करंट मोजून हिशोब ठेवणारा) लावा, लिथियमचा साठा नुसत्या व्होल्टेजवरून कळत नाही. निघायच्या आधी धायरीतच, घराखाली, बाबांनी मशीन लावून गाडीत एक रात्र झोपून बघा. काही अडलं तर घर चार पायऱ्यांवर आहे. सकाळी मॉनिटरवर किती अँपिअर-अवर गेले ते इथे लिहा. त्यावरून फ्रिज न्यायचा की नाही ते ठरवू.