पाटणादेवी, पितळखोरा आणि आसपास: दोन दिवसांत कसं बसवावं?

अमळनेरकर

राम राम मंडळी. डिसेंबरच्या शेवटी दोन दिवस चाळीसगावला मुक्काम आहे. सोबत सत्तरीचे वडील (गुडघे दुखतात, पण भास्कराचार्यांचा शिलालेख बघायचाच म्हणतात) आणि दहावीतला मुलगा, त्याला डोंगर हवा. पाटणादेवीचं देऊळ, कण्हेरगड आणि पितळखोऱ्याची लेणी एका दिवसात उरकतील का? नकाशात देवळापासून लेणी अगदी जवळ दिसतात. शिवाय आसपास काय चुकवू नये?

सातमाळ्याचा वाटसरू

बठ्ठं एक रोजमा व्हत नई भाऊ.

नकाशातलं ते अंतर पक्ष्यांसाठी आहे. देऊळ डोंगराच्या पायथ्याशी, चाळीसगाव तालुक्यात. लेणी वरच्या पठाराला पडलेल्या घळीत, कन्नड तालुक्यात. मधे सातमाळा डोंगररांगेचा कडा उभा. गाडीने जायचं तर आधी मागे चाळीसगावला या, तिथून कन्नडचा घाट (जुन्या कागदांतला औट्रम घाट) चढा आणि माथ्यावर गेल्यावर उजवीकडे कालीमठाच्या दिशेने वळा. देवळामागून नाल्याने वर चढणारी पायवाट आहे, पण वाट माहीत असलेला गावातला माणूस बरोबर नसेल तर तिच्या नादी लागू नका. नाल्याला फाटे फुटतात, सगळे सारखेच दिसतात, आणि चुकीच्या फाट्याच्या टोकाला कडा येतो.

पहिला दिवस फक्त पाटणादेवीला द्या. चाळीसगावपासून साधारण १८ किलोमीटर, नैऋत्येला. हे गौताळा औट्रमघाट अभयारण्य आहे (१९८६ पासून), त्यामुळे वनखात्याच्या नाक्यावर नोंद आणि शुल्क. उन्हं चढायच्या आत मुलाला घेऊन कण्हेरगड करा, वडिलांना देवळात बसू द्या. गडाच्या पोटात नागार्जुन लेणं लागतं. नाव काहीही असलं तरी लेणं जैन आहे, आत तीर्थंकरांच्या मूर्ती आहेत. पुढे सीतेची न्हाणी. बॅटरी न्या, मोबाइलच्या उजेडात कोरीवकाम नीट दिसत नाही.

डिसेंबरात चढण्यापेक्षा उतरताना सांभाळायचं. गवत वाळून मुरमावर आडवं पडलेलं असतं, त्यावरून पाय सरळ सुटतो. खाचा शिल्लक असलेल्या तळव्याचे बूट आणि पूर्ण पँट घाला, नाहीतर कुसळं काढण्यात संध्याकाळ जाईल. माणशी दोन लिटर पाणी, वर भरवशाचं पाणी नाही. धवलतीर्थ आणि केदारकुंड या धबधब्यांना तेव्हा धार बारीक असेल. ते बघायचे ऑगस्ट-सप्टेंबरात.

पाचच्या आत जंगलातून बाहेर. बिबट्या सहसा माणसाला टाळतो, खरं भय अस्वलाचं. ते समोरासमोर आलं की बिथरतं, म्हणून झुडपातल्या वळणावर बोलत चाला. २०२१ मध्ये इथे कॅमेऱ्यात वाघही आला होता, पण तो दिसेल या आशेने जाऊ नका.

शिळाप्रेस

वडिलांसाठी थोडं. पाटणचा हा लेख डॉ. भाऊ दाजी लाडांनी १८६५ मध्ये प्रसिद्ध केला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ, त्यातही सिद्धान्तशिरोमणी, शिकवले जावेत म्हणून त्याने इथे मठ काढला आणि यादवांच्या मांडलिक निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने मठाला उत्पन्न लावून दिलं. शक ११२८, श्रावणी पौर्णिमा, चंद्रग्रहणाचा दिवस, म्हणजे ९ ऑगस्ट १२०७. त्रिविक्रमापासून चांगदेवापर्यंतची वंशावळ आहे. मुख्य लेख संस्कृतात, पण शेवटी बाजारातल्या मालावरचा कर आणि तेलाच्या घाण्यांकडून मठाला काय द्यायचं ते जुन्या मराठीत आहे. उघड आहे, पैसे देणाऱ्याला कळायला हवं!

लेख नेमका कुठे बघायचा ते देवळात पुजारीबुवांना विचारा. बॅटरी समोरून मारली तर दगड सपाट दिसतो. ती भिंतीला जवळजवळ चिकटवून बाजूने धरा, अक्षरांत सावली भरते आणि ओळी उठून येतात. खडू, पीठ, तेल काहीही लावू नका. तेलावर धूळ बसते आणि अक्षरं कायमची बुजतात.

जवळच्या महादेव मंदिराला सगळे हेमाडपंती म्हणतात. तिथला निकुंभांचा लेख शक १०७५ चा, म्हणजे ११५३ सालचा आहे. हेमाडपंत त्यानंतर शंभर वर्षांनी मंत्री झाले. फलकावर काहीही लिहिलेलं असो, मुलाला खरं सांगा.

आणि याच पाटणे गावाजवळ सत्तरच्या दशकात पुरातत्त्वज्ञ साळींनी उत्खनन केलं, त्यात शहामृगाच्या अंड्याचं नक्षी कोरलेलं कवच आणि मणी मिळाले. वय साधारण २५ हजार वर्षं. जागेवर बघण्यासारखं काही उरलेलं नाही, पण गाडीतून जाताना हे माहीत असावं.

घाटमाथा

पितळखोऱ्याला वडिलांना नेऊ नका, निदान खाली तरी नाही. लेणी घळीत आहेत. आधी पायऱ्या उतरायच्या, मग नाल्यावरचा पूल ओलांडायचा, आणि दुखऱ्या गुडघ्यांनी तेवढंच परत चढायचं.

मुलाला मात्र जरूर न्या. इसवीसनपूर्व दुसऱ्या शतकापासूनचं काम आहे. नुसता चैत्य (प्रार्थनेचं दालन) बघून परत फिरू नका, चौथ्या क्रमांकाच्या विहारासमोर (बौद्ध भिक्षूंची राहायची जागा) वेळ काढा. जोत्यावर हत्तींची रांग, दाराशी द्वारपाल, आणि पायऱ्यांच्या बाजूला दगडी नाग. त्याच्या फण्यांना भोकं आहेत, मागून पाण्याची नाळ आणलेली. पाणी भरलं की फण्यांतून फवारा उडावा अशी सोय. तिसऱ्या लेण्यातले अष्टकोनी खांब आत कललेले आहेत, ते मुद्दाम तसेच कोरले आहेत. खांबांवर रंगीत चित्रांचे अवशेष आहेत, हात लावू नये.

दर्शनी भाग कोसळलेले का, हे मुलगा विचारेलच. इथल्या बेसाल्टचे थर सारखे नाहीत, कठीण थराखाली ठिसूळ थर आहे. पाणी मुरून खालचा थर झिजतो आणि वरचा आधाराविना तुटून पडतो. लेणी कोरणाऱ्यांनाही हे कळलं होतं, म्हणून पाण्याच्या नाळ्या काढल्या. पैठणच्या गंध्याने (अत्तरवाल्याने) आणि मगिल नावाच्या राजवैद्याने दान दिल्याचे लेख आहेत. १९५० च्या दशकात ढिगारा उपसताना मिळालेली यक्षाची मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, इथे शोधू नका. समोरच्या काठावरच्या छोट्या लेण्यांत स्तूप आहेत, बरेच जण तिकडे न जाताच परततात.

कड्याला आग्यामोहोळ दिसलं तर उदबत्ती, अत्तर, आरडाओरडा सगळं बंद.

अमळनेरकर

आभार सगळ्यांचे. म्हणजे दुसऱ्या दिवशी मी आणि मुलगा पितळखोऱ्याला. वडील दिवसभर लॉजवर कंटाळतील, त्यांचं काय करावं?

गिरणाकाठ

चाळीसगाव स्टेशनजवळ छायाचित्रकार केकी मूस यांचा बंगला आहे, आता कलासंग्रहालय. मूस १९८९ मध्ये गेले. पन्नासेक वर्षं त्यांनी घर जवळजवळ सोडलं नाही. टेबलावर छोट्या वस्तू मांडून त्यांनी काढलेली निसर्गदृश्यं बघताना ती खोटी आहेत हे ध्यानातच येत नाही. सुट्टीचा वार आधी विचारून घ्या.

लेखांची आवड असेल तर दुपारी रिक्षाने वाघळी. शक ९९१ चा, म्हणजे १०६९ सालचा लेख तिथला, गोविंदराज नावाच्या मौर्य सामंताचा. गिरणेकाठचं बहाळही त्यांना आवडेल. तिथल्या भवानीच्या देवळातला लेख भास्कराचार्यांच्याच घराण्यातल्या अनंतदेवाचा, शक ११४४ चा, शिवाय गावात ताम्रपाषाणयुगाचं उत्खननही झालेलं. पण वाघळी आणि बहाळ एकाच दुपारी नको. गुडघे बघता वाघळीच बरी, बहाळ पुढच्या खेपेला. आणि घाटातून शनिवारी-रविवारी संध्याकाळी उतरू नका. ट्रॅफिक जाम झालं की दोन तास सहज जातात, चारच्या आत माथा सोडा.